कूलर बंद करून

मे महिना, धंतोली, तळमजल्याची खोली.
ईईजी काढताना कूलर बंद करावा लागतो,
नाहीतर त्याची गुणगुण पडद्यावर उतरते
आणि माणसाचं डोकं म्हणून वाचली जाते.
पारा पंचेचाळीस. टेबलावर देवाजी शेंडे,
वय अडुसष्ट, तीस वर्षं अजनीच्या केबिनात लिव्हरमन.
तीन महिन्यांत दोनदा आकडी.

टेपने मापं घेऊन, पांढऱ्या केसांत भांग पाडून
मी पेस्ट भरते, एकवीस ठिकाणी.
"याच्यातून करंट देता का जी?"
"नाही काका. तुमचाच येतो. मी फक्त पाहते."

एवढंच सांगते. सांगण्यासारखं बरंच असतं.
एकेका पेशीला हजारो जण बिलगलेले,
त्यांतले बहुतेक म्हणत असतात, चल, पेट, पुढे सांग.
थोडेच, पण अगदी दाराशी ठाण मांडून बसलेले,
म्हणतात, थांब.
ती कोणाची बाजू घेत नाही. बेरीज करते.
चल, चल, थांब, चल,
थांब.
बेरीज उंबरठ्याला लागली तरच ठिणगी.
बहुतेक वेळा लागत नाही.

"डोळे मिटा."
मागच्या तारांवर लाट उठते, सेकंदाला नऊ,
कोणी दूर उखळात काही कांडत असावं तशी.
मधे कोणीतरी दर खेपेला अडवतं,
म्हणून ती लय.

मिटल्या डोळ्यांनीच ते बोलू लागतात:
"गाडी सोडनं सोपं हाय, बाई.
पन एक लिव्हर ओढला का बाकीचे अटकून जाते.
लटकून पाहा, हालत नाही. त्याले लॉकिंग म्हनत.
माही सारी नौकरी त्या न हालनाऱ्या लिव्हरच्या भरोशावर झाली."
"काका, बोलू नका. जबडा पडद्यावर येतो."
आलाच होता. काळं, दाट, गवतासारखं काही
'भरोशावर'च्या खाली.
मी टीप लिहिते: पेशंट बोलला.

मग त्यांना डुलकी लागते. या खोलीत
झोपेचं औषध कधी द्यावं लागत नाही.
लाट विरते,
आणि डाव्या कानाच्या वर एक टोक निघतं.
सुईसारखं.
थोड्या वेळाने पुन्हा, तिथेच.
त्या एवढ्याशा जागेत सगळे एका दमात म्हणाले, चल.
आकडी म्हणजे हेच, फक्त गावभर पसरलेलं;
कोणाचाच विरोध न उरलेलं.
पण टोकामागोमाग एक रुंद, संथ लाट येते,
थांबवणारे धावत आलेत.
अजून येतात.

शिकत होते तेव्हा एका गोष्टीवर मी बराच वेळ अडले होते:
'चल' म्हणणारं ग्लुटामेट, 'थांब' म्हणणारं गाबा,
आणि दुसरं पहिल्यापासूनच बनतं,
रेणूचा एक तुकडा काढला की झालं.
आईच्या पोटात तर गाबासुद्धा 'चल'च म्हणतं.
अडवायला ते मागाहून शिकतं.
माझ्या धाकट्याला, यश्वीनला, अजून शिकायचंय.

वीस मिनिटं. उठवते. तारा काढते.
"काय निघालं, बाई?"
जिभेवर आलेलं असतं. टोक, जागा, बाजू, सगळं.
अठरा वर्षं हे पाहते आहे, चूक होत नाही.
पण त्यांच्या कपाळावरची पेस्ट पुसत
मी म्हणते, "डॉक्टर सांगतील."
ते माझ्याकडे जरा जास्त वेळ पाहतात.
तीस वर्षं सिग्नल वाचलेला माणूस.
"हाव," म्हणतात, आणि चप्पल शोधू लागतात.

ते गेल्यावर कूलर लावते. ओल्या वाळ्याचा वास.
मशीन बंद करायचं राहिलेलं,
तारा वाटीत पडलेल्या, कोणाच्याच डोक्यावर नाहीत.
पडद्यावर एकवीस रेघा,
सेकंदाला पन्नास, एकसारख्या, सुबक,
एकदाही न अडखळता चाललेल्या.